दगडांची यादी कुलपात ठेवू नका

ब्रिटनमध्ये पुरातन वास्तूंच्या संरक्षणाचा पहिला कायदा १८८२ साली झाला. त्याआधी सुमारे दहा वर्षं जॉन लबक नावाचे खासदार तेच विधेयक पुन्हा पुन्हा संसदेत आणत होते आणि जमीनदार मंडळी ते पुन्हा पुन्हा हाणून पाडत होती. आमच्या जमिनीतला दगड आम्ही ठेवू नाहीतर फोडू, सरकारचा संबंध काय, असा एकंदर सूर. शेवटी जो कायदा झाला तो तसा लेचापेचाच होता. मालक राजी असेल तरच सरकारला स्मारकाची देखभाल हाती घेता येत होती. पण कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट जोडलेलं होतं. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधली अडुसष्ट स्थळं, नावानिशी. डर्बीशरमधल्या स्टँटन मूरवरचं ‘नाइन लेडीज’ हे छोटंसं शिलावर्तुळ त्यातलंच. कायद्याला दात नव्हते, पण यादी छापील होती, कुणालाही वाचता येत होती आणि तेवढ्यानंही बरंच साधलं.

ही जुनी गोष्ट उकरून काढायचं कारण असं की, आज ब्रिटनच्या माळरानांवर शेकडो हौशी स्वयंसेवक अशाच याद्या तयार करतायत, आणि त्यांनी गोळा केलेली माहिती लोकांपुढे किती ठेवायची यावर वाद आहे. स्थळाचं नाव द्या, पण नेमकी जागा देऊ नका, असं म्हणणारे बरेच आहेत. त्यांत चांगले जाणकारही आहेत. हेतू शुद्ध, भीतीही अगदीच निराधार नाही. तरी मला हा सल्ला चुकीचा वाटतो. दगड लपवल्याने वाचत नाहीत. ते वाचतात ते कुणीतरी पुन्हा पुन्हा जाऊन पाहतं म्हणून.

मूर म्हणजे उंचावरचा, झाडं नसलेला, सदा वाऱ्याचा माळ. मेंढ्या, मोकळी फिरणारी तट्टं, हेदरची खुरटी झुडपं, आणि पायाखाली पीट, म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा काळा, ओला थर. नांगर इथे फारसा फिरला नाही, म्हणून कांस्ययुगातले दगड बऱ्याच ठिकाणी जागच्या जागी राहिले. इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या एकट्या डार्टमूरच्या राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे ९५४ चौरस किलोमीटरमध्ये, झोपड्यांची पाच हजारांच्या आसपास दगडी वर्तुळं आहेत आणि पंचाहत्तरहून अधिक शिलारांगा. त्यातली एक अर्म नदीच्या उगमाकडे तीन किलोमीटरहून अधिक लांब जाते. एवढा ऐवज सांभाळायला सरकारी माणसं किती असणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून हे काम हौशी लोकांकडे आलं. खरं तर ते पहिल्यापासून त्यांच्याकडेच होतं.

हे लोक नेमकं करतात काय, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. काम हिवाळ्यात. कारण ब्रॅकन नावाचं नेचं तेव्हा वाळून आडवं झालेलं असतं. जून-जुलैत ते छातीला लागतं, तेव्हा त्यात मेंढरू दिसायची मारामार, गुडघ्याएवढा दगड कुठून दिसणार! चार-पाच जणांचा गट, त्यातले बहुतेक निवृत्त. एकाकडे जीपीएस, दुसऱ्याकडे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी, तिसऱ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तक्ता, कारण पाऊस येणारच. दगडाची उंची, रुंदी, जाडी. कोणत्या दिशेला कललाय, किती कललाय. बुंध्याशी खळगा आहे का, त्यात पाणी साचलंय का. शेजारून मेंढ्यांची वाट जाते का. चारही बाजूंनी फोटो, प्रत्येकात मोजकाठी. कोरीव खडक असेल तर निराळी कसरत. त्यावरचे वाटीसारखे खळगे आणि त्यांच्याभोवतीची कडी भरदुपारी डोळ्याला दिसतच नाहीत. सपाट, राखाडी, ओबडधोबड खडक तेवढा दिसतो. ऊन तिरपं झालं की सावल्या पडतात आणि नक्षी वर येते. ऊन नसेल तर कुणीतरी अंगावरचा कोट काढून आडोसा धरायचा आणि दुसऱ्याने बाजूने बॅटरी मारायची. तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं नाही, खडूने रेषा भरायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. हल्ली एकमेकांवर चढणारे डझनांनी फोटो काढून संगणकावर खडकाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतात. घरी बसून तिच्यावर हव्या त्या कोनातून उजेड पाडता येतो.

यातली सगळ्यात रुक्ष गोष्टच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे जागेचे आकडे. जुन्या नोंदींमध्ये नकाशाचा सहा आकडी संदर्भ असतो, म्हणजे शंभर मीटर लांब-रुंद चौकोन. त्या चौकोनात कुठेतरी एक दगड आहे, एवढंच त्यातून कळतं. आठ आकडी संदर्भ दहा मीटरवर आणतो, दहा आकडी एका मीटरवर. शंभर मीटरच्या चौकोनात ब्रॅकन माजलेलं असताना दगड शोधून पाहा, म्हणजे कळेल की जुनी नोंद ही बऱ्याच वेळा नोंद नसल्यात जमा असते. जागा मुद्दाम ढोबळ करून प्रसिद्ध करा असं जे म्हणतात, ते आपल्याला पुन्हा त्याच चौकोनात नेऊन सोडतायत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जागा कळली की नको ते लोक येतील. शेकोट्या पेटवतील, दगडांवर मेणबत्त्या लावतील, नावं कोरतील, रात्री धातुशोधक यंत्र घेऊन खणतील. हे सगळं घडतं. नाइन लेडीजभोवतीची जमीन पर्यटकांच्या पायांनी झिजते, हे तिथे जाणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. पण ही गर्दी कुठे होते ते पाहा. गाडी लावायला जागा आहे, पाटी आहे, रस्त्यापासून दहा मिनिटांवर आहे, अशाच ठिकाणी. पीट तुडवत दोन तास चालल्यावर भेटणाऱ्या, गवतात अर्ध्या बुडालेल्या तीन दगडांकडे मेणबत्त्या घेऊन कुणी जात नाही. आणि ब्रिटिश सर्वेक्षण खात्याचे नकाशे गेल्या शतकाच्याही आधीपासून जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत ‘शिलारांग’, ‘झोपडी-वर्तुळ’, ‘केर्न’ (म्हणजे रचलेल्या दगडांचा ढीग, बहुधा थडग्यावरचा) असं छापत आलेत. हे नकाशे पुस्तकांच्या दुकानात मिळतात. लपवायचंच होतं तर ती वेळ कधीच टळून गेली.

मग माळावरचे दगड नासतात कशाने? बहुतेक वेळा अज्ञानाने आणि गुराढोरांनी. एक्समूरचं उदाहरण घ्या. तिथले उभे दगड बुटके, कित्येक तर गुडघ्यालाही लागत नाहीत. गुरं आणि मेंढ्या अंग खाजवायला त्यांना घासतात, खुरांनी बुंध्याभोवती खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं, माती सैल होते, आणि एका हिवाळ्यात दगड आडवा होतो. वर्षभरात गवत त्याला झाकून टाकतं. यात चोर नाही, गुंड नाही. दुसरं उदाहरण ब्रॅकनचं. त्याची जाड मुळं जमिनीखाली पसरत जातात आणि झोपडीच्या जोत्याखालचे हजारो वर्षांचे थर उलटेपालटे करतात. वाऱ्यापासून आडोसा म्हणून वाटसरू केर्नमधलेच दगड उचलून मध्ये खळगा करतात. आपण कुणाची तरी समाधी उसकटतोय याची त्यांना गंधवार्ता नसते. मोटारसायकली, ट्रॅक्टर, आणि अलीकडे पीट पुन्हा ओलं करण्यासाठी जुने चर बुजवणारी यंत्रं. हे शेवटचं काम चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण यंत्र चालवणाऱ्याला ‘या शंभर मीटरमध्ये कुठेतरी काहीतरी आहे’ असं सांगून काय उपयोग? त्याला दगड कुठे आहे ते मीटरमध्ये कळायला हवं, आणि त्यासाठी कुठल्या कार्यालयाला अर्ज करून वाट पाहायला लागता कामा नये.

धोका खरा कुठे आहे ते एका प्रसंगातून चांगलं कळतं. डार्टमूरच्या उत्तर भागात व्हाइटहॉर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथे पीटच्या एका उंचवट्याची कड ढासळली आणि आतली दगडी पेटी बाहेर डोकावू लागली. मृताच्या अस्थी ठेवायची ही पेटी, ‘सिस्ट’ म्हणतात तिला. गेल्या शतकाच्या अखेरीस ती कुणाच्या तरी नजरेला पडली आणि तिची नोंद झाली. पुढची दहा-बारा वर्षं तिच्यावर लक्ष राहिलं, झीज रोखायचे प्रयत्न झाले, आणि पीट तरीही निसटत चाललंय हे दिसल्यावर २०११ साली ती रीतसर उघडली. आत अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या, दहन केलेल्या तरुण व्यक्तीच्या अस्थी होत्या. विणलेली पिशवी, लाकडी कर्णभूषणं, कथिलाची बटणं गुंफलेलं कडं, अंबर आणि इतर पदार्थांचे दोनशेहून अधिक मणी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं कापड आणि कातडं ब्रिटनच्या मातीत सहसा टिकत नाही. इथे ओल्या पीटने ते राखलं होतं. पेटी पाच वर्षं उघडी पडून कोरडी झाली असती तर यातलं काय उरलं असतं? पेटी दिसणं हा योग होता. ऐवज हाती लागला तो तिथे पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांमुळे.

पण बातमी होते ती शोधाची. डार्टमूरवर राहणाऱ्या ॲलन एंडाकॉट यांना २००७ साली, गवत-झुडपं जाळून मोकळ्या केलेल्या जागी, सिटाफर्ड टॉरजवळ एक नवं शिलावर्तुळ सापडलं. चौतीस मीटर व्यासाचं, तीस दगडांचं, सगळे दगड आडवे, समुद्रसपाटीपासून ५२५ मीटरवर. सविस्तर पाहणीनंतर २०१५ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, आणि ते योग्यच होतं. मात्र गेल्या खेपेला उभा असलेला दगड आता वीस अंश कललाय, अशी नोंद करणाऱ्या बाईंचं नाव कुठे छापून येत नाही. निधी देणाऱ्या संस्थांचंही तसंच. ‘अमुक इतकी नवीन स्थळं’ हा आकडा अर्जात शोभून दिसतो. ‘जुन्या दोनशे स्थळांना दुसऱ्यांदा भेट’ यासाठी पैसे मागायला गेलं की समोरचा जांभई देतो. नॉर्थम्बरलंड आणि डरहममध्ये २००४ ते २००८ या काळात सुमारे शंभर स्वयंसेवकांनी कोरीव खडकांची जी नोंदणी केली ती आजही नमुना म्हणून दाखवावी अशी आहे. तिला पाया मिळाला तो स्टॅन बेकनसॉल या शाळाशिक्षकाने कित्येक दशकं सुट्ट्यांमध्ये केलेल्या आरेखनांचा. स्कॉटलंडने २०१७ ते २०२१ मध्ये हेच काम देशभर केलं, गावोगावचे गट शिकवून तयार केले, आणि खडकांच्या त्रिमितीय प्रतिकृती सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. दोन्ही प्रकल्प उत्तम. पण मुदत संपली की प्रकल्प संपतो, आणि खडक तिथेच ऊन-पाऊस खात असतो. यादी खुली असेल तर पुढच्या पिढीतला कुणी हौशी ती हातात घेऊन निघेल. कुलपात असेल तर तीही प्रकल्पाबरोबर निवृत्त होते.

आता एक आक्षेप मला मान्य आहे, आणि तो जागेबद्दल नाही, दर्जाबद्दल आहे. हौशी माणूस दगडाकडे बहुधा एक सिद्धांत घेऊनच जातो. आल्फ्रेड वॉटकिन्स यांना १९२१ मध्ये हिअरफर्डशरच्या नकाशावर प्राचीन स्थळं जोडणाऱ्या सरळ रेषा दिसू लागल्या आणि मग जगभर लोकांना रेषाच दिसायला लागल्या. व्हिक्टोरियन काळात बेअरिंग-गूल्ड हे पाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डार्टमूरवर प्रचंड काम केलं, १८९४ साली ग्रिम्सपाउंडची वस्ती खणली. पण उत्साहाच्या भरात भिंती आणि दगड पुन्हा उभारलेसुद्धा, आणि आज ग्रिम्सपाउंडला जे दिसतं त्यातलं कांस्ययुगाचं किती आणि पाद्रीबुवांचं किती, हे वेगळं करताना अभ्यासकांना घाम फुटतो. हौसेने मोजावं, खुशाल मोजावं. हात लावू नये.

तरीही याच परंपरेतलं एक उदाहरण उलट बाजूने बोलतं. अलेक्झांडर टॉम हे ऑक्सफर्डचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. सुट्टीत थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची सर्वेक्षणाची दुर्बीण, घेऊन ते स्कॉटलंडपासून खाली शेकडो शिलावर्तुळं मोजत फिरले. त्यातून त्यांनी ‘महापाषाणयुगीन यार्ड’ नावाचं एक माप काढलं, २.७२ फुटांचं, आणि प्रागैतिहासिक माणसं सगळ्या ब्रिटनभर तेच वापरत होती असं ठासून मांडलं. आज पुरातत्त्वज्ञांपैकी फारच थोडे ते मानतात. पण टॉम यांचे नकाशे अजून वापरात आहेत, कारण ते इमानदारीने मोजलेले आहेत आणि सगळ्यांना पाहायला उपलब्ध आहेत. टॉम यांनी आपली मोजमापं कपाटात ठेवून नुसता निष्कर्ष छापला असता तर यार्डाबरोबर तीही बुडाली असती.

आणि चुका काय फक्त हौशी लोकांच्या होतात? कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन मूरवर ‘किंग आर्थर्स हॉल’ नावाचं एक आयताकृती आवार आहे, मातीचा बांध आणि आतल्या अंगाला उभे दगड. अधिकृत नोंदीत ते मध्ययुगीन गुरांचा कोंडवाडा म्हणून बसलं होतं. नुकतंच तिथे उत्खनन झालं, व्यावसायिकांबरोबर स्वयंसेवकही होते, आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आला की आवार पाच हजार वर्षांहून जुनं, नवाश्मयुगातलं आहे. म्हणजे नोंदीतलं वय चार-एक हजार वर्षांनी चुकलं होतं. डार्टमूरवरचे ‘रीव्ह’ म्हणजे मैलोन्‌मैल सरळ जाणारे दगडी बांध. वाटसरू ते पिढ्यान्‌पिढ्या ओलांडत होते, अभ्यासकांचंही त्यांच्याकडे दुर्लक्षच होतं. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग यांनी दाखवून दिलं की ही कांस्ययुगातली, हजारो हेक्टरांवर आखलेली शेतजमिनीची वाटणी आहे. नोंद खुली असली की तिच्यावर शंका घेता येते. जी पाहायलाच मिळत नाही ती चूक सुधारणार कोण?

अपवाद असतात, ते मी नाकारत नाही. सप्टेंबर २००३ मध्ये नॉर्थ यॉर्क मूर्सवर फायलिंगडेल्सला मोठी आग लागली, सुमारे अडीच चौरस किलोमीटरवरचं हेदर आणि पीट जळून गेलं, आणि खाली दडलेलं बरंच काही एकदम उघडं पडलं. त्यात रेषांची आगळी नक्षी असलेला एक दगड होता. त्याची सविस्तर नोंद करून तो पुन्हा मातीखाली झाकला. अशा ताज्या, नाजूक, उघड्यावर आलेल्या गोष्टीची जागा काही काळ गुप्त ठेवायला माझी हरकत नाही. शेतात सापडणाऱ्या नाण्यांच्या आणि दागिन्यांच्या जागाही लोकांना ढोबळच सांगतात, तेही बरोबर, कारण ते खिशात घालून नेता येतात. दोन टनांचा ग्रॅनाइट खिशात जात नाही. एकाला लावलेला नियम दुसऱ्याला लावला की मग संरक्षणाच्या नावाखाली नुसतं गुपित उरतं, आणि गुपिताचे मालक असतात चार जण. खरं सांगायचं तर या वादात कधी कधी मला दगडापेक्षा मालकीचीच आच जास्त जाणवते: मी शोधला, मला माहीत आहे, तुम्हाला का सांगू? ही वृत्ती सरकारी कार्यालयात असते तशी हौशी गटांतही असते.

आणखी एक पात्र या सगळ्यात विसरलं जातं, ते म्हणजे माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारणारा शेतकरी. कुठला दगड कधी पडला हे बहुधा त्याला सर्वांत आधी कळतं. स्वयंसेवकांच्या तक्त्यांत त्याच्यासाठी रकाना क्वचितच असतो. यादी खुली असेल तर त्याला ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाहता येईल आणि ‘हा तर माझ्या बापाच्या वेळीच आडवा झालाय’ एवढं सांगता येईल. त्या एका वाक्याने एका गटाचा अख्खा हिवाळा वाचतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. स्वयंसेवक फुकट मिळतात म्हणून पगारी माणसं कमी करायची, हा डाव ब्रिटनमधल्या स्थानिक संस्थांनी गेली दहा-पंधरा वर्षं बऱ्याच ठिकाणी खेळलाय. प्रत्येक परगण्यात पुरातन स्थळांची एक नोंदवही असते आणि ती अद्ययावत ठेवायला माणूस लागतो. ती ठेवणं वेल्समध्ये २०१६ च्या कायद्याने बंधनकारक झालं. इंग्लंडमध्ये तशी तरतूद कायद्यात यायला २०२३ साल उजाडलं. हौशी गटाने शनिवार-रविवार घालवून पाठवलेल्या चारशे नोंदी एखाद्या कार्यालयाच्या संगणकात तीन वर्षं न उघडता पडून राहत असतील, तर पुढच्या हिवाळ्यात तो गट माळावर कशाला जाईल? नोंद मिळाली, तपासली, खुल्या यादीत चढवली, किंवा अमुक कारणाने नाकारली, एवढं उत्तर देणारा एक पगारी माणूस दर नोंदवहीमागे हवा, आणि तो स्वयंसेवकांच्या आधी नेमायला हवा.

आणि तक्त्यात एक रकाना वाढवावा: ‘गेलो, सापडला नाही’. असं लिहायला लोक लाजतात, रिकाम्या हाताने परतणं त्यांना अपयश वाटतं, आणि मग ती भेट कुठेच नोंदली जात नाही. पण १९५० साली मोजलेला दगड यंदाच्या फेब्रुवारीत, वाळलेल्या ब्रॅकनमध्ये, दहा आकडी संदर्भ हातात असूनही मिळाला नाही, तर गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तिथे काहीतरी घडलंय. ते काय घडलं हे शोधायला कुणाला तरी जावं लागेल, आणि जाण्यासाठी त्याला नेमकी जागा माहीत असावी लागेल.